निवळी प्यायलेल्या बायका

शाल्मली कधी खोटं बोलली नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिच्याविषयी बरंच वाईट सांगायचं आहे.

कराडच्या बाहेर, बायपासला लागून, प्रसन्नप्रसूती केंद्र नावाची पिवळी इमारत होती. तिथे ती अनुभवसखी होती. हुद्दा गोड, काम साधं. सातवा-आठवा महिना लागलेल्या बायकांसमोर खुर्ची टाकून बसायचं आणि आपलं बाळंतपण कसं झालं ते सांगायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं बायकांच्या कानावरून जातं. बाळंत झालेल्या बाईनं सांगितलेलं पोटात उतरतं. केंद्राच्या मालकीणबाई डॉ. कानडे यांना हे फार लवकर कळलं होतं.

त्या सोमवारी बँकेतली एक अधिकारी बाई म्हणाली, "मला ऑपरेशनच हवंय. तारीख ठरवून. माझं शरीर आहे, मला ओरडत-बिरडत बसायचं नाही."

तिच्या शेजारची म्हणाली, "आमच्या घरी म्हणतात, कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही. मला काय वाटतं ते कुणी विचारलंच नाही अजून."

"मी विचारते की," शाल्मली म्हणाली. "पण आधी माझं ऐका. मला कळा सुरू झाल्या, मी चालत आत गेले, निवळी प्यायले. मग एकदम निमिष माझ्या कुशीत होता आणि मला सडकून भूक लागली होती. मधलं काही नाही. पोटाला टाका नाही, पाठीत सुई नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी भाकरी थापत होते."

हे ती इतकं सहज सांगायची की बायका खुर्च्या पुढे ओढायच्या. बँकेतल्या बाईनं तासाभरात मत बदललं. दुसरीनं तर घरी विचारायलाही नको म्हणून तिथंच होकार दिला.

पूर्वी गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचं बी उगाळून घालत, म्हणजे माती तळाशी बसून पाणी नितळ व्हायचं. औषधाला नाव त्यावरून पडलं. औषध मात्र मातीचं काही करत नसे, ते फक्त माती दिसू देत नसे. कसं, ते समजून घ्यायला सिमेंट आठवावं. ओल्या सिमेंटवर पाय पडला की ठसा उमटतो, पण तो टिकतो सिमेंट आळल्यावर. आठवणीचंही तसंच असतं. घटना घडली की मेंदूत तिचा कच्चा ठसा उमटतो. तो पक्का व्हायला काही तास लागतात आणि त्यासाठी पेशींना ठरावीक प्रथिनं तयार करावी लागतात. निवळी नेमकं ते काम थांबवते. कच्च्या ठशावरून गवंडी थापी फिरवतो, तसं. घटनेच्या आधी घेतली तर पुढचा अर्धा दिवस पुसला जातो, घडून गेल्यावर दोन-तीन तासांत घेतली तरी तेवढा तुकडा जातो.

शिवाय ती वारेपलीकडे, बाळापर्यंत पोचत नाही. कळा मंदावत नाहीत, बाई शुद्धीत राहते, सांगितलं की जोर लावते. भूलतज्ज्ञ लागत नाही, ऑपरेशनची खोली लागत नाही. वेदना कमी होत नाही, एवढंच. ती होते तेवढीच होते, फक्त पुढे कुणाची उरत नाही.

चार-सहा वर्षांत राज्यभर निवळी पोचली. सिझेरियनचा सुकाळ संपला म्हणून आरोग्य खातं खूश, बिल उतरलं म्हणून नवरे खूश. बायकांची मतं घेण्यात आली. कशी प्रसूती हवी हे बायकांनीच ठरवावं, असा तो काळ होता. बाळंत झालेल्या जवळजवळ सगळ्या म्हणाल्या, छान झालं, पुन्हा असंच हवं. जिला झालं होतं तिचं मत मात्र कुणी घेऊ शकत नव्हतं, कारण ती बाई टेबलावरून उतरायच्या आतच नाहीशी झालेली असायची.

शाल्मलीची धाकटी बहीण ओवी सातव्या महिन्यात माहेरी आली. तिचा नवरा मालवाहू बोटीवर होता आणि बाळ चार महिन्यांचं झाल्यावरच त्याला किनारा दिसणार होता. ओवी भूगोल शिकवायची. तिला नकाशात कोरी जागा दिसली की राग यायचा.

"मी ऑपरेशन करून घेणार आहे," तिनं जेवताना सांगितलं. "भूल देऊन."

"कशाला गं उगाच पोट फाडून घेतेस?" शाल्मली म्हणाली. "मी दर सोमवारी पन्नास जणींना सांगते आणि माझीच बहीण ऑपरेशनला जाणार? मला काही झालं का? विचार आईला, ती आत होती माझ्यासोबत."

दीपालीताई, म्हणजे त्यांची आई, आमटी वाढत होत्या. "मला काय विचारतेस? मीही प्यायले होते की," त्या म्हणाल्या.

केंद्राचा तो नियम होता. सुरुवातीला सोबतिणींना औषध देत नसत. मग आया, बहिणी, सासवा बाहेर येऊन भलतंसलतं बोलायला लागल्या, काहींची झोप उडाली. त्यांच्या भल्यासाठी त्यांनाही निवळी द्यायचं ठरलं. डॉक्टर आणि नर्स पीत नसत. त्यांना गरज नव्हती, त्यांना सवय झाली होती.

"म्हणजे आत काय होतं ते तुम्हा दोघींनाही ठाऊक नाही," ओवी म्हणाली.

"ठाऊक नसणं हेच तर औषध आहे. जे आठवत नाही ते दुखणं कुणाचं?"

"जिला दुखलं तिचं."

शाल्मली हसली. "ती मीच होते आणि माझी काही तक्रार नाही."

ओवीनं आईच्या कपाटातून एक निळी ओढणी काढून आणली. शाल्मलीच्या बाळंतपणाच्या दिवशी आईच्या अंगावर तीच होती. तिच्या टोकाला एक घट्ट गाठ होती, पाच वर्षं तशीच. आईला सवयच होती. काही लक्षात ठेवायचं असलं, कुणाला निरोप सांगायचा असला की ओढणीला गाठ मारायची. तिची आई पदराला मारायची. पदर जाऊन ओढणी आली, गाठ राहिली.

"ही कशाची?" ओवीनं विचारलं.

"तेच आठवेना म्हणून सोडली नाही," आई म्हणाली. "दूधवाल्याचं काही असेल."

"आतमध्ये तुला दूधवाला आठवत होता?"

 आईनं शाल्मलीच्या कपाळावरची बट सारायला हात पुढे केला, आणि शाल्मलीनं नेहमीसारखी मान मागे घेतली. निमिषच्या जन्मानंतर तिला आईचा हात तोंडाजवळ चालेनासा झाला होता. आधी दर रविवारी आईकडून डोक्याला तेल घालून घेणारी मुलगी. पण बाळंतपणानंतर बायका विचित्र होतात म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी ओवी वाकली, ती एका अटीवर. सोबतिणीला आत एक हक्क असायचा. बाईला झेपत नाही असं वाटलं तर सोबतिणीनं नुसतं "ऑपरेशन करा" म्हणायचं, की डॉक्टरांना करावं लागे. बाईचं स्वतःचं म्हणणं कळांच्या भरात धरलं जात नसे.

"तू आत यायचंस," ओवी म्हणाली. "आणि मी म्हटलं की लगेच सांगायचंस. माझं ऐकून, तुझं डोकं न चालवता. शब्द दे."

"दिला," शाल्मली म्हणाली, आणि तो तिनं मनापासून दिला होता.

एका बुधवारी सकाळी ओवीला कळा सुरू झाल्या. दोघी बहिणींनी एकाच वेळी निवळी घेतली आणि प्रसूतीच्या खोलीचं जाड दार मागे लागलं. इथून पुढचं शाल्मलीला कधीच सांगता येणार नाही. पण गोष्ट सांगणाऱ्यानं औषध घेतलेलं नाही, आणि वाचणाऱ्यानंही नाही.

पहिला तास ठीक गेला. मग कळा वाढल्या आणि ओवी ओरडायला लागली, तेव्हा सिस्टर लोंढे हसून म्हणाल्या, "ओरडा, ओरडा, पैसे वसूल करा." आयाबाई कोपऱ्यात डबा उघडून पोहे खात होती. कुणी ओवीचा हात धरला नाही, कुणी पाठ चोळली नाही. पूर्वी या खोल्यांमध्ये जे थोडंफार करत असत, ते सगळं बाईनं बाहेर जाऊन चांगलं सांगावं म्हणून करत असत. आता काहीही केलं तरी ती चांगलंच सांगणार होती. वाट मोठी करायला कात्री लावायची वेळ आली तेव्हा शाल्मलीनं विचारलं, "तिथं बधिर करायचं इंजेक्शन?"

"ते कशाला? निवळी घेतलीय ना त्यांनी," सिस्टर म्हणाल्या, आणि कात्री लावली.

 आपण पाच वर्षं काय सांगत आलो हे शाल्मलीला त्या एका क्षणात कळलं. तिनं ओढणीचं टोक धरून घट्ट गाठ मारली. बाहेर गेल्यावर हिच्यावरून आठवेल, काहीतरी भयंकर होतं एवढं तरी आठवेल, असं तिला वाटलं.

"ताई, ऑपरेशन," ओवी म्हणाली. "सांग त्यांना. आता सांग."

शाल्मली डॉ. कानडे यांच्याकडे वळली. डॉक्टर हातमोजे बदलत होत्या.

"सांगताय का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "सांगितलंत तर मी करते, हक्क तुमचा आहे. पण पोटावर व्रण राहील. तो बघून उद्या त्या विचारतील, का केलं? तुम्ही काय सांगाल? तुम्हाला आठवणारच नाही. उलट दोन तास असेच गेले तर उद्या यातलं काहीच झालेलं नसेल. सोमवारी बायकांना काय सांगायचं त्याचाही विचार करा."

इथं शाल्मलीनं विचार केला. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी दटावलं नाही. तिनं हिशेब मांडला: हिला आठवणार नाही, मलाही आठवणार नाही, मग मी शब्द मोडला हे जगात राहणार कुठं? निवळी फक्त आठवण पुसते असं शास्त्रज्ञ म्हणायचे. आठवण पुसली जाणार हे माहीत असलं की माणूस आधीच काय करायला तयार होतो, ते कुणी तपासलं नव्हतं.

"थोडं थांबूया," ती म्हणाली.

ओवीनं ते ऐकलं. "ताई, तू शब्द दिलास."

"ओवी, थोडंच राहिलंय."

"तू शब्द दिलास. तू शब्द दिलास."

आयाबाई डबा धुवायला बाहेर निघाली आणि दार उघडंच राहिलं. पलीकडच्या बाकांवर तपासणीला आलेल्या बायका बसल्या होत्या, शाल्मलीच्याच ओळखीच्या. शाल्मलीनं बहिणीच्या तोंडावर हात दाबला. ओवीनं सुटायला मान हलवली तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं तिचं डोकं उशीवर धरून ठेवलं. "गप," ती म्हणाली. "उद्या तुला काही आठवणार नाहीये. गप बस." ओवी बोटांच्या वरून तिच्याकडे बघत राहिली. दार लागल्यानंतरही शाल्मलीनं हात लगेच काढला नाही.

मुलगी झाली. टाके घातले, तेही तसेच. ओवीला झोप लागल्यावर शाल्मली भिंतीशी बसली. ओढणीची गाठ तिच्या मांडीवर होती. ती राहिली तर उद्या प्रश्न विचारणार होती, आणि एकदा प्रश्न सुरू झाले की ओवी ते सोडणारी नव्हती. शाल्मलीनं गाठ सोडायला घेतली. ओढून ओढून ती फार घट्ट झाली होती, तेव्हा तिनं दात लावले.

संध्याकाळी ओवी उठली ती हसतच. "तू म्हणालीस तसंच झालं गं," ती म्हणाली. "एकदम बाळच हातात. मी उगाच घाबरले." शाल्मलीचे डोळे भरून आले, खऱ्या आनंदानं.

बारशाच्या आधीच्या रविवारी ती ओवीला भेटायला गेली. घरात शेगडी पेटलेली होती, ओव्याचा वास होता, बाळ न्हाऊन झोपलं होतं. शाल्मलीनं हातावर खोबरेल घेतलं आणि बहिणीच्या टाळूवर घालायला ती मागे उभी राहिली. ओवीनं तिचं मनगट धरलं.

"नको ताई."

"का गं? केस बघ कसे कोरडे झालेत."

"माहीत नाही. तुझा हात जवळ आला की उठून जावंसं वाटतं. आईचा चालतो, तुझा नको."

शाल्मलीच्या तळहातावरून तेल ओघळून मनगटाकडे गेलं. तिनं आईकडे पाहिलं. आई शेगडीपाशी बसली होती आणि ती आधीपासूनच शाल्मलीकडे बघत होती.

"मी पण तुझ्यासोबत आत होते," आई म्हणाली. "पाच वर्षं तू मला हात लावू देत नाहीस."

तिनं जाऊन निळी ओढणी आणली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या अंगावर होती ती कुठाय? इथंच धुवायला टाकली होतीस."

ती घडी घालून ठेवलेली होती. आईनं टोक उजेडात धरलं. कापड तिथं आखडलेलं, मुरडलेलं होतं आणि दोन ठिकाणी धागा दातानं तुटला होता.

"ही सोडलेली गाठ आहे," आई म्हणाली. "मी मारून ठेवली. तू मारलीस आणि सोडलीस."

 मग ओवीनं विचारलं, "मी तुला ऑपरेशन म्हणाले होते का?"

"मला आठवत नाही, ओवी."

हे वाक्य शाल्मली दर सोमवारी पन्नास बायकांसमोर म्हणायची. आज पहिल्यांदा ते तोंडात कडू लागलं. तिला सगळं कळलं, डोळ्यांनी पाहिल्यासारखं कळलं, आणि त्याची इतकी लाज वाटली की ती चपला हातात घेऊनच घराबाहेर पडली. आता हे सांगायला हवं, उद्याच्या उद्या बायकांसमोर उभं राहून सांगायला हवं, असं ती रिक्षात बसल्यावर स्वतःशी म्हणाली. केंद्राच्या पायऱ्या चढेपर्यंत तसंच म्हणत होती.

सिस्टर लोंढे औषधांच्या खोलीत होत्या. त्यांनी शाल्मलीचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता कपाट उघडलं.

"बाळंतिणीकडे गेला होतात ना? सगळ्याच सख्या येतात," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय सोमवारी बायकांसमोर बोलता येत नाही." त्यांनी छोट्या पेल्यात निवळी ओतली, चमच्यानं ढवळली. "साखर घातलीय. तुम्हाला कडू लागते म्हणून दरवेळी घालते."

"दरवेळी?" शाल्मलीनं विचारलं.

सिस्टर चमचा धुवायला वळल्या. शाल्मली पेल्याकडे बघत राहिली. अजूनही तिला परत जाता आलं असतं. दार उघडंच होतं. ती प्यायली.

बारशाला ती मोठ्या उत्साहानं आली. बाळाला काजळ लावलं, आत्याबाईंची थट्टा केली. मग ओवीच्या केसांत गजरा माळायला तिनं हात पुढे केला आणि ओवी अंग चोरून बाजूला झाली.

"का गं?" शाल्मलीनं विचारलं. तिला फार आश्चर्य वाटलं होतं.

ओवीनं आईकडे पाहिलं. "हिला परत सांगायचं?"

"नको," आई म्हणाली. "ती परत पिऊन येईल." आणि तिनं निळ्या ओढणीला दुसरी गाठ मारली. शाल्मलीला वाटलं, वाण्याकडून काहीतरी आणायचं असेल.

सोमवारी हॉल भरलेला होता. शाल्मली खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "माझंही इथंच झालं, माझ्या सख्ख्या बहिणीचंही इथंच झालं. मी स्वतः आत होते. बहिणीला विचारलं तर म्हणाली, ताई, तू म्हणालीस तसंच झालं. माझ्या कानांनी ऐकलंय." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी रेंगाळली. वीस-एकवीस वर्षांची असेल. तिला आई नव्हती आणि सासरचं कुणी येणार नव्हतं.

"मला कसंही चालेल, ताई," ती म्हणाली. "फक्त आत कुणी माझ्यावर ओरडायला नको. तुम्ही याल का माझ्यासोबत?"

"येईन की," शाल्मली म्हणाली, आणि तिनं मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.